गोड्या पाण्याचा नकाशा

एक बैल हिवाळ्यात दिवसाला किती पाणी पितो? वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला विचारलं तर तो बादल्यांत सांगतो. लिटरमध्ये मोजायचं तर साधारण ३० धरा. आता त्याला १४,००० ने गुणा. ४ लाख २० हजार लिटर होतात. म्हणजे १०,००० लिटरचे ४२ टँकर, रोज, आणि रोज नव्या मुक्कामावर.

१४,००० हा आकडा माझा नाही. पीटर मंडी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात प्रवास करत होता. वाटेत त्याला धान्य लादलेल्या १४,००० बैलांचा तांडा भेटला. त्याने तो आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवला. अशा तांड्यात सहा-सातशे माणसं असतात, बायका-मुलं आणि सगळा संसार बरोबर असतो, प्रत्येक बैलाच्या पाठीवर चार मोठे मण धान्य असतं, आणि हे लोक दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त चालत नाहीत, असं तो लिहितो. पुढे काही वर्षांनी आलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर तो पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबून राहावं लागतं, असं त्याने लिहून ठेवलंय.

मला यात सर्वांत जास्त चक्रावून टाकलं ते त्या सहा-सात मैलांनी. फार फार तर ११ किलोमीटर. रिकामा माणूस हे अंतर अडीच तासांत कापतो. मग एवढं मोठं बिऱ्हाड सकाळच्या थंडीत तेवढंच चालून दिवसभर थांबायचं का? आळस म्हणावं तर याच लोकांनी, म्हणजे बंजाऱ्यांनी, मोगलांच्या फौजा पोसल्या होत्या. शहाजहानच्या काळात आसफखान दख्खनच्या स्वारीवर आला, तेव्हा भंगी आणि जंगी या दोन नाईकांकडे मिळून १,८०,००० बैल होते, अशी बंजारा परंपरा आहे.

उत्तर बैलाच्या पोटात आहे. बैलाचं पोट चार कप्प्यांचं. त्यातला पहिला कप्पा म्हणजे एक मोठी आंबवणी. कोट्यवधी सूक्ष्मजीव तिथे वाळलेल्या गवताचा चोथा फोडून त्यातून शक्ती काढतात. माणसाला जे पचतच नाही, त्यावर बैल ओझं वाहतो. पण या आंबवणीला वेळ लागतो. चरायला सहा-आठ तास, मग बसून रवंथ करायला जवळजवळ तेवढेच. दिवसाचे हे तास आणि विश्रांती वजा केली की चालायला उरतात तीन-चार. पाठीवर शंभर-सव्वाशे किलो घेऊन बैल तेवढ्यात दहा-अकरा किलोमीटरच जातो. म्हणजे तांड्याचं वेळापत्रक नाईक ठरवत नसे, रवंथ ठरवत असे.

आणि याच हळूपणात त्यांचा नफा होता. १४,००० बैलांवर मिळून सुमारे १,७०० टन माल जात असेल, आजच्या एका मालगाडीच्या निम्म्याहून कमी. पण हा माल हलवायला लागणारं इंधन वाटेवर उगवत होतं. पडीक जमीन, रानातलं गवत, ओढ्याकाठचा पाला. घाई केली असती तर बैलांना चारा विकत घ्यावा लागला असता, आणि धान्यासारखा स्वस्त माल शेकडो मैल नेणं परवडलंच नसतं. उशीर हाच त्यांच्या धंद्याचा पाया होता. वाहतुकीच्या इतिहासात याहून सुंदर हिशेब मला माहीत नाही.

चारा रानात सगळीकडे होता. पाणी सगळीकडे नव्हतं. रोज दहा किलोमीटरवर हजारो जनावरांना पुरेल एवढं पाणी लागणार, म्हणजे तांड्याची वाट गावांच्या नावांनी नव्हे, तळ्यांनी आणि डोहांनी आखलेली असणार. ही गोष्ट डोक्यात बसली आणि मी वऱ्हाडचा नकाशा पुन्हा उघडला. जन्मभर पाहिलेला नकाशा, पण पाहिला होता तो रस्त्यांचा.

उत्तरेला सातपुड्याची गाविलगडची रांग, मेळघाट, चिखलदऱ्याजवळ १,१०० मीटरच्या वर गेलेली माथी. दक्षिणेला वाशीमकडे चढत जाणारं पठार. मधे पूर्णेचं सपाट, काळंभोर खोरं. जुने लोक खालच्या खोऱ्याला पाईनघाट म्हणत आणि वरच्या पठाराला बालाघाट. पाईनघाट हा वऱ्हाडचा सर्वांत सुपीक भाग. बैलांच्या डोळ्यांनी पाहिलं तर चालायलाही सर्वांत सोपा, ना चढ ना खडक.

फक्त त्याच्या पोटात मीठ आहे.

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांत गेलेल्याला खारपाणपट्टा सांगावा लागत नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतली मिळून जवळजवळ नऊशे गावं त्यात येतात. दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांमधली ही जमीन खचत गेली, नद्यांनी तिच्यात गाळ भरला, शेकडो मीटर जाडीचा. त्या चिकणमातीतून पाण्याचा निचरा जवळजवळ होत नाही, म्हणून क्षार आत अडकून राहिले. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागतं, पण ओठाला लावलं की तोंड फिरवावं लागतं. पूर्णेकाठी दहीहंड्याच्या बाजूला तर एकेकाळी खोल विहिरींच्या या पाण्यापासून मीठच काढत असत. इंग्रजी अमलात ते बंद पडलं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं भाड्याची कॅरव्हॅन घेऊन याच खोऱ्यातून गेलो. मागे दोन पलंग, छोटा ओटा, फ्रिज आणि १०० लिटरची पाण्याची टाकी. दर्यापूरच्या अलीकडे टाकीचा काटा तळाशी आला म्हणून एका गावात हापशाजवळ गाडी लावली. मी पाइप काढायला लागलो, तेवढ्यात डोक्यावर गुंड घेतलेली एक बाई थांबली. म्हणाली, "हे पानी वापराचं हाय भाऊ, प्याचं नाही. प्याचं पानी नळाले येते, आठ दिसातून एकडाव." मग त्या माउलीने घरातून आमचा एक कॅन भरून दिला. आठ दिवसांच्या पाण्यातून.

त्या कॅनमधलं पाणी कुठलं, हे नंतर विचारलं. सातपुड्यातलं. वान आणि शहानूर या नद्या मेळघाटातून खाली येतात. डोंगराच्या पायथ्याशी त्यांच्यावर धरणं आहेत, वारी भैरवगडजवळ वान, अंजनगाव सुर्जीच्या वर शहानूर, आणि तिथलं गोडं पाणी नळांनी खारपाणपट्ट्यातल्या गावांना पोहोचवलं जातं. एकदा हे लक्षात आलं की जुन्या वाटाही उलगडायला लागतात. पाईनघाटात मोठ्या जनावरांच्या मुक्कामाला दोनच गोष्टी उपयोगी: वाहत्या नदीचा डोह किंवा पावसाचं पाणी साठवलेलं तळं. विहिरीखाली मीठ, पण तळ्यात ढगाचं पाणी. वऱ्हाडातल्या जुन्या बाजारपेठा पाहा कुठे आहेत ते. बाळापूर मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर. तिथल्या काठावर मिर्झाराजे जयसिंगांची छत्री अजून उभी आहे. कारंजा लाडला ऋषी तलाव. वाशीमला पद्मतीर्थ. खुद्द अमरावतीला वडाळी आणि छत्री तलाव, हे मात्र इंग्रजी काळातले, शहराची तहान भागवायला बांधलेले.

कारंज्याबद्दल एक दंतकथा आहे, ती मला इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. एक व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून गावात आला. एवढी कस्तुरी विकत कोण घेणार, अशी त्याला शंका. तिथल्या धनवंत सावकाराने सगळी खरेदी केली आणि बांधायला काढलेल्या घराच्या चुन्यात कालवून टाकली. ती कस्तुरीची हवेली. कथा खरी असो नसो, तिच्यातून कारंज्याच्या रस्त्यावर काय काय येत असेल हे कळतं.

तळं दिसलं म्हणजे मुक्काम झाला असंही नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार पाहा. उल्कापाताने झालेलं जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर, तळाशी पाणी, भोवती झाडी. वरून पाहिलं तर याहून चांगली जागा नाही. पण ते पाणी खारं आणि अल्कधर्मी. अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'तही लोणारची नोंद आहे, आणि ती साबण व काच करायला लागणारे क्षार मिळतात म्हणून. मात्र त्याच विवराच्या काठावर, गोमुखाजवळ, गोड्या पाण्याची धार बारमाही पडते. खाली आयता विकायचा माल, वर प्यायचं पाणी. एखाद्या लमाणाला देवाने हे मुद्दाम मांडून ठेवलंय असं वाटलं असेल.

लमाण हे बंजाऱ्यांचंच दुसरं नाव. या शब्दाचा संबंध अभ्यासक 'लवण'शी जोडतात. मीठ वाहणारे ते लमाण. बैल लादून गावोगाव जाण्याच्या त्यांच्या धंद्याला लदेणी म्हणतात. तांड्याचा प्रमुख तो नाईक, आणि आजही यवतमाळ-वाशीमकडे गावांची नावं नाईकांवरून आहेत, पुढे 'तांडा' जोडलेली. फारसीतला 'कारवान' इंग्रजीत गेला, तिथे त्याचं शेपूट तोडून 'व्हॅन' केलं, आणि ती व्हॅन आपण परत घेतली. आपल्याकडचा मूळ शब्द मात्र चालणं थांबल्यावरही जागचा हलला नाही. तो गावाचं नाव होऊन बसला.

पाण्यानंतर दुसरा मालक म्हणजे माती. वऱ्हाडच्या काळ्या मातीत अशी चिकणमाती आहे की तिचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आक्रसतात. वैशाखात तिच्यात हात जाईल अशा भेगा पडतात आणि आषाढात तीच माती चाकाला, खुराला, चपलेला चिकटून एवढी जड होते की पाऊल उचलवत नाही. गाडीचं चाक तर आसापर्यंत रुतून बसतं. म्हणूनच पक्क्या सडका होईपर्यंत इथे गाडीपेक्षा पाठाळ बैल जास्त भरवशाचा होता. पण पावसात त्यालाही वाट नव्हती. तांडे पावसाळाभर एखाद्या उंच, गवताळ जागी थांबत, बैलांच्या पाठी बऱ्या होऊ देत, आणि दसरा झाला, जमीन घट्ट झाली की निघत. योगायोग किती चांगला: कापूस वेचायला सुरुवातही त्याच सुमारास होते. जमीन वाट मोकळी करते तेव्हाच माल तयार असतो.

या कापसाचा प्रवास वाचला आणि मी काही वेळ पुस्तक बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो. रेल्वे येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस मिर्झापूरला जाई. मिर्झापूर गंगेच्या काठी, अमरावतीपासून सुमारे ५०० मैल. तिथे तो नावांवर चढे आणि कलकत्त्याला पोहोचे. जुन्या गॅझेटियरमध्ये अशी नोंद आहे की १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैल लादून कापूस या वाटेने रवाना केला. ५०० मैल म्हणजे ८०० किलोमीटर. दिवसाला १० किलोमीटर धरले तर ८० दिवस. कार्तिकात अमरावती सोडलेला कापूस माघात गंगा पाहणार. वाटेत सातपुडा, नर्मदा, विंध्याची पठारं. आणि ८० मुक्काम. म्हणजे ८० पाणवठे, ज्यातला एकही चुकून चालणार नाही. हा नकाशा कुठे कागदावर होता? नाईकांच्या डोक्यात होता. बापाने मुलाला चालता चालता दिलेला.

एक लाख बैल म्हणजे पाण्याचा हिशेब ३० लाख लिटर रोज. अर्थात ते सगळे एकाच दिवशी एकाच तळ्यावर उतरत नसणार, टप्प्याटप्प्याने निघत असणार. दोन तांड्यांमध्ये किती दिवसांचं अंतर ठेवायचं, म्हणजे पुढच्याने चारून टाकलेल्या रानात मागच्याला उपाशी राहावं लागणार नाही, हेही कोणीतरी ठरवत असणार. आज आपण ज्याला मोठ्या कंपन्यांचं नियोजन म्हणतो, ते गोणींच्या ढिगावर बसलेली, अक्षरओळख नसलेली माणसं करत होती.

वऱ्हाडच्या दैवाचा फैसला झाला तोही अशाच तांड्यांच्या भरवशावर. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानात इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दोन आठवड्यांनी, १५ डिसेंबरला, गाविलगड पडला. मधल्या काळात वेलस्लीच्या हाताखालच्या स्टीव्हन्सनच्या तुकडीने अवजड तोफा डोंगरातून, स्वतः रस्ता फोडत, गडाच्या उत्तर बाजूला ओढत नेल्या. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. या सगळ्या हालचालीत फौजेला खायला घालणारे होते ते बंजारे. वेलस्लीच्या पत्रांत त्यांचा उल्लेख वारंवार येतो, 'ब्रिंजारी' अशा रूपात. कारण सोपं होतं: तोफ मागे राहिली तर लढाई लांबते, तांडा मागे राहिला तर फौज मोडते. लढणारे दोन्ही पक्ष तांड्याला सहसा हात लावत नसत. आज शत्रूला धान्य विकलेला नाईक उद्या आपल्यालाही लागणार, हे दोघांनाही ठाऊक असे. इतिहासाच्या पुस्तकांत अडगावच्या लढाईला चार ओळी मिळतात. तिथल्या गोणींना एकही नाही, आणि ते मला मनापासून खुपतं.

मग रूळ आले. आगगाडी भुसावळहून अकोला, बडनेरा करत पुढे सरकली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. ८० दिवसांच्या प्रवासाची गरजच संपली. २०व्या शतकाच्या सुरुवातीला मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे छोट्या रुळांची 'शकुंतला' धावू लागली, तीही कापसासाठीच. जे आडवळणाचे कोपरे उरले होते, तेही गेले. मिठावर कर बसला, जंगलं राखीव झाली, चरायला गवत गेलं, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानंतर सतत चालत राहणारा माणूस हाच संशयित ठरू लागला. लदेणी मोडली. जिथे शेवटचा बरा पाणवठा होता, तिथे तांडे बसले. शेती करू लागले, मजुरीला लागले. पुसदजवळचं गहुली हे असंच बसलेल्या तांड्याचं गाव. १ जुलै १९१३ ला तिथे वसंतराव नाईक जन्मले, पुढे ११ वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री राहिले. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे सेवालाल महाराजांचं समाधिस्थान, सगळ्या देशातल्या बंजाऱ्यांची काशी. रामनवमीला तिथे लाखो माणसं येतात. गाड्यांनी येतात, पण तिथली गर्दी, चुली आणि उघड्यावरचा मुक्काम पाहताना चालत्या तांड्याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत.

आता आमच्या गाडीकडे येतो. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या गाड्या आणि त्यांना थांबायला पाणी, वीज, स्वच्छतागृह, सांडपाण्याची सोय असलेले तळ, अशी त्याची कल्पना. धोरण वाचताना मला पुन्हा मंडीची रोजनिशी आठवली. पाणी, सपाट जागा, घाणीचा निचरा आणि गावाची ओळख, यादी बदललेलीच नाही. आमच्या गाडीची १०० लिटरची टाकी तिघांना दीड दिवस पुरली. भांडी वाळूने घासली तर दोन दिवस. म्हणजे आमचाही प्रवास तळ्यापासून तळ्यापर्यंतच.

वऱ्हाडात यासाठी जागांची कमी नाही. मोर्शीजवळ सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण, ज्याला नळ-दमयंती सागर असं देखणं नाव आहे, अमरावतीला पाणी पुरवतं आणि संध्याकाळी समुद्रासारखं दिसतं. चिखलदऱ्याचा शक्कर तलाव आणि गाविलगडाच्या आतले देवतलाव, मच्छी तलाव. परतवाड्याहून वर जाताना वळणं अवघड आहेत, लांब गाडी असेल तर दिवसाउजेडीच चढावं. पण मला सर्वांत आवडलं ते अकोल्याच्या दक्षिणेचं काटेपूर्णा. महानजवळ धरण, भोवती १९८८ मध्ये जाहीर झालेलं ७३.६९ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. इथे चौसिंगा आहे, चार शिंगांचं लहानसं हरीण, जगात चार शिंगं मिरवणारं रानातलं हे एकच जनावर. वाटेत बार्शीटाकळीला यादवकाळातलं काळ्या दगडाचं देऊळ आहे, तेही पाहून जावं. अभयारण्यात रात्री वनखात्याच्या परवानगीशिवाय थांबता येत नाही, आणि तसंच असायला हवं.

काटेपूर्णेच्या पाण्यावर आम्ही पहाटे पट्टकादंब पाहिले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखी हंस. तिबेट आणि मंगोलियाच्या तळ्यांवरून निघून हिमालय ओलांडून येतात. रात्री शेतांत चरतात, दिवसा पाण्यावर विश्रांती घेतात. चारा एकीकडे, पाणी जवळ, मधे सुरक्षित जागा. दसऱ्यानंतर येणार, उन्हाळ्याआधी जाणार. बैलांच्या तांड्यांचं जे वेळापत्रक होतं, तेच यांचंही आहे.

धरणाच्या कडेला आणखी एक गोष्ट घडते, ती समजायला मला दोन दिवस लागले. पावसाळ्यानंतर पाणी जसजसं ओसरतं, तसतशी बुडालेली जमीन उघडी पडते. गाळाने माजलेली, ओलीकंच. कुठे लोक गाळपेर करतात, कुठे नुसतं कोवळं गवत उगवतं. आजूबाजूचं सगळं रान पिवळं पडलेलं असताना तळं स्वतः मागे सरकत रोज एक हिरवी पट्टी सोडत जातं. माणसांनी पाण्यासाठी बांधलेलं तळं जनावरांसाठी चाराही पिकवतं, आणि तोही नेमका सर्वांत कठीण महिन्यांत.

हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, असे लोक वऱ्हाडात अजून चालत आहेत. कच्छमधून कधीकाळी आलेले रबारी, गावकरी त्यांना काठेवाडी म्हणतात. मेंढ्या, शेळ्या आणि उंट. उंटावर खाट उलटी बांधलेली, तिच्यात गोधड्या, भांडी, कोंबडी, कधी पेंगणारं पोर. दिवाळीनंतर पीक निघालं की शेतकरीच त्यांना बोलावतात, मेंढ्या शेतात बसवण्यासाठी. रात्रभरात लेंड्या आणि मूत थेट काळ्या मातीत मुरतं. खताची वाहतूकच नाही, खतच चालत येतं. बदल्यात धान्य किंवा पैसे. पण सगळीकडे असं स्वागत होत नाही. २०२२ च्या जानेवारीत अमरावती जिल्ह्यात रबाऱ्यांचे ५८ उंट कत्तलीला नेत असल्याच्या संशयावरून अडवले गेले आणि माणसांना अटक झाली. पुढे न्यायालयाने उंट त्यांना परत दिले. दीडशे वर्षांपूर्वी चालणाऱ्या माणसाबद्दल जो संशय पेरला गेला, तो अजून पुरता उपटून निघालेला नाही.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरच्या अलीकडे, कापूस निघालेल्या एका शेतात, असाच एक डेरा दिसला. आम्ही शेतमालकाला विचारून धुऱ्याजवळ गाडी लावली. संध्याकाळी पांढऱ्या आंगडीतले एक म्हातारे बाबा गाडीभोवती दोनदा फिरले. दार उघडून दाखवलं. त्यांनी पलंग दाबून पाहिला, टाकीवर बोटांनी टकटक करून पाणी किती आहे ते ओळखलं, बरोबर ओळखलं, आणि मग त्यांच्या हिंदी-गुजरातीत विचारलं, ही दिवसाला किती पिते?

मी डिझेलचा हिशेब सांगितला. त्यांनी मान हलवली. म्हणाले, थंडीत हिरवा पाला मिळाला तर माझे उंट कित्येक दिवस पाण्याला तोंड लावत नाहीत, पण मेंढ्यांना रोज लागतं, म्हणून चालायचं ते मेंढ्यांच्या हिशेबाने. मग काठीने धुऱ्याच्या मातीत एक लांब रेघ ओढली. ही पूर्णा. तिच्या दोन्ही बाजूंना काठीचं टोक टेकवत गेले. इथे खारं, इथे खारं, इथे गोडं पण मार्चपर्यंतच, इथे मालक चांगला आहे. अकरा ठिकाणं झाली. बाराव्यावर थांबून त्यांनी आपल्या नातवाला हाक मारली, काठी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, पुढचं तू सांग.